कणगी, गाठ आणि पेढी : नाशिक जिल्ह्यांतील लहान शेतकऱ्यांच्या संचयाचा इतिहास

महोत्सवाच्या स्मरणिकेंत मंदिराचा पाया कोणी घातला, घंटा कोठून आली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं सेवा केली, याचा वृत्तांत येतो. आणि तो यावा हें योग्यच आहे. परंतु ज्या घरांच्या लहानलहान दानांवर अशीं कार्यें उभीं राहतात, त्या घरांचा स्वतःचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. चारपांच एकर जमीन, एक बैलजोडी, दारांत दोन शेळ्या आणि खाणारीं सहासात तोंडें, अशा कुटुंबाच्या हातीं वर्षाअखेर जे चार पैसे उरतात ते कसे उरतात, कोठें ठेवले जातात, आणि कोणत्या वाटेनें नाहींसे होतात, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. तथापि त्याच्या उत्तरावर त्या कुटुंबाची जमीन राहते कीं जाते हें अवलंबून असतें. आणि जमीन गेली म्हणजे पुढच्या पिढीचें शिक्षण, घराची अब्रू व गांवांतील स्थान हीं सर्वच तिच्यामागोमाग जातात.

आपल्याकडील शेतकऱ्यावर एक जुना आरोप आहे. तो उधळ्या आहे, सुगी आली कीं चार दिवस चैन करतो, लग्नांत कर्ज काढतो, आणि मग जन्मभर सावकाराच्या दारीं उभा राहतो, असें अंमलदारांनीं म्हटलें आणि शहरांतील सुशिक्षितांनीं त्याची री ओढली. या आरोपांत सत्याचा अंश नाहीं असें नाहीं. ऋण काढून सण करण्याची म्हण आपल्याच भाषेंतली आहे. परंतु १८७५ सालीं दक्षिणेंत जे दंगे झाले, त्यांची चौकशी करणाऱ्या मंडळानेंही लग्नखर्चाला कर्जाचें कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिलें जातें असाच अभिप्राय दिला होता. खरी गोष्ट अशी आहे कीं शेतकरी नेहमींच सांठवीत आला. प्रश्न होता तो सांठवणुकीच्या रूपाचा. तें रूप काळाशीं जुळलें तेव्हां घर तरलें, आणि काळ बदलला असतां रूप जुनेंच राहिलें तेव्हां घर बुडालें. त्याचीच हकीकत येथें थोडक्यांत सांगावयाची आहे.

तीन मुलुख आणि तीन टंचाया

नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ सालीं, अहमदनगर व खानदेश यांचे तालुके काढून, निर्माण झाला. भूमीच्या दृष्टीनें त्याचे तीन भाग पडतात. पश्चिमेस सह्याद्रीला लागून इगतपुरी, त्र्यंबक, पेठ व सुरगाणा हा डोंगराळ मुलूख आहे. तेथें पाऊस उदंड, जमीन उताराची, आणि पिकें म्हणजे भात, नागली व वरई. मध्यभागीं गोदावरी व कादवा यांच्या खोऱ्यांत निफाड व दिंडोरी यांची काळी जमीन. पूर्वीं ती गहू व हरभरा यांसाठीं नांवाजलेली होती, आज द्राक्षें व कांदा यांसाठीं आहे. पूर्वेस व दक्षिणेस सिन्नर, येवला, नांदगांव, मालेगांव या बाजूस पाऊस तुटपुंजा. बाजरी आली तर वर्ष निभलें, नाहीं तर नाहीं.

यामुळें संचयाचा अर्थही तिन्हीकडे वेगळा झाला. डोंगराळ भागांत टंचाई असते ती महिन्यांची. आषाढ-श्रावणांत जुनें धान्य संपतें व नवें हातीं आलेलें नसतें. तेवढे दिवस काढणें हाच तेथील संसाराचा कस. कोरड्या भागांत टंचाई असते ती वर्षांची. एक पाऊस चुकला कीं सबंध वर्ष जातें, आणि दोन लागोपाठ चुकले कीं गांव ओस पडतें. मधल्या काळ्या जमिनींत पीक बहुधा येतें, परंतु तेथें टंचाई असते ती भावाची. माल घरांत भरलेला आणि हातांत पैसा नाहीं, अशी. पुढें ज्या ज्या रीति सांगावयाच्या आहेत, त्या या तीन टंचायांवरचे उपाय आहेत हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

धान्याची सांठवण

नाण्याचा व्यवहार विरळ होता त्या काळीं धान्य हेंच धन होतें. खळ्यावर रास पडली कीं बलुतेदारांचें बलुतें निघे, आणि उरलेली रास घरीं येई. ती मापण्याची परिभाषा जुन्या माणसांच्या तोंडीं अद्यापि आहे. दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली, बारा पायल्यांचा एक मण, आणि वीस मणांची एक खंडी. ज्या घरांत मापाला एवढीं नांवें आहेत, तें घर हिशेब जाणत नव्हतें असें कोण म्हणेल?

धान्य ठेवण्याचीं स्थळेंही तशींच विचारपूर्वक केलेलीं होतीं. रोजच्या खर्चाचें धान्य कणगींत असे. कणगी म्हणजे बांबूच्या कांबट्यांची विणलेली, आंतून-बाहेरून शेणमातीनें सारवलेली उंच टोपली. भिंतीच्या आधारानें मातीचें बळद केलेलें असे. आणि ज्या गांवांत जमीन घट्ट व कोरडी, तेथें पेव असे. म्हणजे तोंडाशीं अरुंद व पोटांत रुंद असा जमिनींतील खड्डा. त्यांत कडब्याचें व भुसाचें अस्तर देऊन ज्वारी भरावयाची आणि तोंड मातीनें बंद करावयाचें. आंत हवा खेळत नसल्यामुळें किडा जगत नसे. उघडल्याबरोबर पेवांत उतरूं नये, आंतील कोंडलेल्या वायूनें माणूस गुदमरतो, हें ज्ञानही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें होतें. कणगीचें धान्य महिन्यांच्या टंचाईसाठीं, पेवाचें धान्य वर्षांच्या टंचाईसाठीं, अशी ही वांटणी होती. डोंगराळ भागांत पेवाची गरज नागलीनें भागविली. नागलीचा दाणा बारीक व कठीण. त्याला कीड लागत नाहीं असें म्हटलें तरी चालेल, आणि तो कित्येक वर्षें टिकतो. गरीबाच्या पिकाला देवानें दिलेला हा एक मोठाच गुण होय.

या सर्वांहून पवित्र संचय म्हणजे बियाणें. उत्तम कणसें निवडून, वाळवून, चुलीच्या धुरावर आढ्याला टांगावयाचीं. भोपळ्या-काकडीचें बीं राखेंत घोळून मडक्यांत ठेवावयाचें. घरांत उपास पडला तरी बियाण्याला हात लावावयाचा नाहीं, हा अलिखित कायदा होता. हें काम बहुतांशीं बायकांचें. नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं देशी वाणांचीं बियाणीं अशींच जतन केलीं, आणि २०२० सालीं भारत सरकारनें त्यांना पद्मश्री जाहीर केली. संकरित बियाण्यांच्या काळांत दर हंगामाला बाजारांतून पिशवी विकत आणावी लागते. बियाणें राखणें हा पूर्वींचा संचय आज खर्चाचा एक रकाना होऊन बसला आहे, हें या उदाहरणावरून सहज कळतें.

दागिना, गोठा आणि चांदीची घसरण

धान्य टिकतें तें कांहीं वर्षें. त्याहून दूरच्या काळासाठीं शेतकऱ्यानें दोन पेढ्या निवडल्या. एक गोठा व दुसरी पत्नीचें अंग. गोठ्यांतील कालवड व्याली कीं मुद्दलाला व्याज मिळालें. शेळी तर वर्षभरांत वाढून अडीनडीला विकतां येई. इगतपुरीकडील डांगी जनावर मुसळधार पावसांत टिकतें म्हणून त्याला नेहमींच मागणी असे. परंतु या पेढीचा एक दोष आहे. दुष्काळांत चारा सर्वांचाच एकदम संपतो, सर्वच जण एकदम बाजारांत येतात, आणि जनावराला कवडीमोल येतें. ज्या दिवशीं संचयाची गरज, त्याच दिवशीं त्याची किंमत नाहींशी होते.

दागिन्याविषयीं तसें नव्हते, निदान तशी समजूत होती. ऐपतीच्या घरीं सोन्याच्या पुतळ्यांची माळ असे. सामान्य घरीं मात्र चांदीच; वाळे, तोडे, वाक्या, मुलाचा करगोटा. रुपयाचें वजन बरोबर एक तोळा होतें. सोनार रुपये आटवून तोडे घडी, आणि वेळ पडली तर तोडे आटवून पुन्हां रुपयांची किंमत येई. टांकसाळींत चांदी नेऊन देणारास तिचे रुपये पाडून मिळत. म्हणजे शंभर तोळे चांदी घरांत आहे याचा अर्थ जवळजवळ शंभर रुपये शिल्लक आहेत असाच होता. शिवाय दागिना अंगावर असल्यामुळें तो सहजासहजीं खर्चिला जात नसे. तो काढावयाचा तर बायकोची संमति लागे, आणि ती संमति हेंच त्या पेढीचें कुलूप होतें.

परंतु १८७३ च्या सुमारास युरोपांतील मोठीं राष्ट्रें चांदी सोडून सोन्याच्या चलनाकडे वळलीं आणि जगभर चांदीचा भाव उतरूं लागला. १८९३ च्या जूनमध्यें हिंदुस्थान सरकारनें लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणें बंद केलें. रुपयाचा दर पुढें सोळा पेन्सांवर स्थिर झाला, पण नुसत्या चांदीचा भाव घसरतच राहिला. शतकाच्या अखेरीस रुपयांतील चांदीची बाजारांतील किंमत रुपयाच्या सुमारें दोन तृतीयांशच उरली होती. लंडन व सिमला येथें बसून चलनाचा हा निर्णय झाला, आणि त्याचा भार खेड्यांतील बायकांच्या पायांतील तोड्यांवर पडला. लगेचच १८९६-९७ व १८९९-१९०० हे दोन दुष्काळ आले. लोकांनीं दागिने बाजारांत नेले, तेव्हां ज्या रुपयांतून ते घडविले होते तेवढेही रुपये परत आले नाहींत. शेतकऱ्यानें उधळलें नव्हतें. त्यानें सांठविलें होतें. त्याला न कळतां त्याच्या गांठीचा तिसरा हिस्सा कोणी सोडून नेला होता.

किस्त, खत आणि जमीन

याच्या आधींच एक मोठें स्थित्यंतर झालें होतें. रयतवारी पद्धतींत सारा रोख रुपयांत आणि ठराविक तारखांना भरावा लागे. किस्तीची तारीख सुगीच्या मागोमाग येई. सर्वांनाच त्या सुमारास रोकड हवी असल्यामुळें धान्य स्वस्त विकलें जाई, आणि पेवांत जावयाचें तें वाण्याच्या गाडींत जाई. पुढें आषाढांत तेंच धान्य सवाईनें किंवा दिढीनें परत उसनें आणावें लागे. म्हणजे मणाला सवा मण अथवा दीड मण फेडावयाचें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाला अपूर्व भाव आला. १८६५ सालीं थळ घाटांतून आगगाडी वर चढली. सावकारांनीं हात सैल सोडला. युद्ध संपलें, भाव कोसळले, पण खतें तशींच राहिलीं. जमीन गहाण ठेवतां व विकतां येत असल्यामुळें खताच्या शेवटीं जमीनच उभी होती.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा झाला, आणि पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत तो पसरला. लोकांनीं सावकारांच्या घरांतून मुख्यतः कर्जाचीं खतें काढून जाळलीं. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. न्यायाधीशास खताच्या मागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला, आणि हप्ते बांधून देण्याची सोय झाली. सावकाराची बाजूही येथें सांगितली पाहिजे. ज्या खेड्यांत दुसरी कोणतीही पेढी नव्हती, तेथें मध्यरात्रीं औषधाला पैसा देणारा तोच एक होता. त्याचा अपराध कर्ज देण्यांत नव्हता, तर ऋणकोच्या निरक्षरतेवर स्वतःचा हिशेब लिहिण्यांत होता. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्यांत अज्ञान हेंच दारिद्र्याचें मूळ ठरविलें, तें याच अनुभवानें.

आपल्या वाचकांस या ठिकाणीं महोत्सव या शब्दाचा मूळ अर्थ आठवल्यावांचून राहणार नाहीं. जुन्या करारांतील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासावें वर्ष पवित्र मानण्याची जी आज्ञा आहे, तींत विकली गेलेली शेतजमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी असें सांगितलें आहे. म्हणजे पहिला महोत्सव हा उत्सवाहून अधिक शेताविषयींचा न्याय होता. कर्जानें जमीन जाते, आणि ती कायमची गेली तर समाजाचा तोल जातो, हें शहाणपण तेव्हांही होतें. दक्षिणेंतील शेतकऱ्यास मात्र पन्नासावें वर्ष वाट्याला आलें नाहीं; त्याला स्वतःची पेढी उभारावी लागली.

टपाल आणि पतपेढी

१८८२ सालीं टपाल कचेऱ्यांतून बचतीचीं खातीं उघडलीं गेलीं. सरकारी हमी, लहान रकमेचीही स्वीकृति, आणि घरांतील चोराची भीति नाहीं, हे त्यांचे गुण होते. १९१७ सालीं टपालाचीं रोख प्रमाणपत्रें निघालीं. पुढें १९२५ सालीं नाशिक रोड येथें सरकारी छापखाना सुरू झाला आणि १९२८ सालीं तेथेंच नोटा छापूं लागले. १९८८ सालीं निघालेलीं किसान विकास पत्रेंही याच गांवीं छापलीं जात. देशभरच्या शेतकऱ्यांच्या बचतीचा कागद नाशिकच्या यंत्रांतून निघत असे, याचा आपणांस अभिमान वाटावा. तथापि टपालाची खिडकी शेतकऱ्यासाठीं अर्धीच उपयोगी पडली. ती पैसा घेई, पण पेरणीच्या वेळीं कर्ज देत नसे. आणि शेतकऱ्याला सांठवणें व उसनें घेणें हीं दोन्ही एकाच वर्षांत लागतात.

ही अडचण युरोपांतील शेतकऱ्यांनाही आली होती. जर्मनींत १८४६-४७ च्या उपासमारीच्या हिवाळ्यांत फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन या एका गांवच्या कारभाऱ्यानें धान्यवांटपाची मंडळी काढली, आणि १८६४ सालीं हेडेसडॉर्फ येथें पतपेढी स्थापिली. एकमेकांस ओळखणारे एका गांवचे लोक, सर्वांची सर्वांस हमी, आणि गांवचा पैसा गांवांत, हीं तिचीं तत्त्वें होतीं. ख्रिस्तसभेला ही कल्पना नवी नव्हती. इटलींत १४६२ सालीं पेरूज्या येथें फ्रान्सिस्कन साधूंनीं गरीबांस अल्प व्याजानें कर्ज देणारी पेढी काढली होती. आणि कॅनडांत १९०० सालीं आल्फोंस देजार्दें यांनीं लेव्ही येथें जी लोकपेढी सुरू केली, तिच्या शाखा पुढें धर्मग्रामांच्या आधारानेंच वाढल्या.

हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालीं झाला. मराठी बोलणाऱ्या कॅथॉलिक शेतकऱ्यांनीं त्याचा लाभ कसा घेतला याचें उत्तम उदाहरण वसईचें आहे. केळीं, पानवेली व भाजीपाला पिकवून मुंबईस पाठविणाऱ्या तेथील लहान बागाईतदारांसाठीं १९१८ सालीं मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानें सहकारी संस्था निघाली; तीच आज बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक या नांवानें ओळखली जाते. नाशिकच्या शेजारीं प्रवरेच्या कांठीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं १९२३ सालीं शेतकऱ्यांची पतपेढी काढली. त्याच गांवच्या परिसरांत पुढें सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० च्या अखेरीस त्याचें गाळप सुरू झालें. दोन्ही ठिकाणीं बीज एकच होतें. ओळखीच्या माणसांनीं ओळखीच्या माणसांचा पैसा सांभाळला.

परंतु सर्वत्र असें झालें नाहीं. बहुतेक गांवच्या सोसायट्या कर्ज वांटण्याचें साधन झाल्या, सांठविण्याचें नव्हे. वरून आलेला पैसा खालीं वांटावयाचा. सभासदाची स्वतःची ठेव नाममात्र. ज्या पैशांत आपला घाम नाहीं त्याची राखण कोणी करीत नाहीं. १९५१-५२ सालीं रिझर्व्ह बँकेनें देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली, तेव्हां शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकीं सहकारी संस्थांकडून आलेला भाग शेंकडा ३.१ एवढाच निघाला, आणि सावकारांचा भाग शेंकडा सत्तरच्या घरांत. सहकाराला त्या वेळीं जवळजवळ पन्नास वर्षें होत आलीं होतीं.

बायकांची गांठ

या सर्व संस्थांच्या मागें, कोणत्याही दप्तरांत न नोंदलेली, एक पेढी अखंड चालत होती. दळणापूर्वीं सुपांतून मूठभर धान्य बाजूच्या मडक्यांत टाकावयाचें. अंडीं, ताक, शेण्या यांचे पैसे पदराच्या गांठीला बांधावयाचे. आणि गांठ जड झाली कीं उतरंडीच्या तळच्या मडक्यांत ठेवावयाचे. नवऱ्याला ठाऊक नसलेला हा पैसा मुलाची फी, सुनेचें बाळंतपण, सासऱ्याचें औषध यांसाठीं नेमक्या वेळीं बाहेर येई. थेंबे थेंबे तळें सांचे ही म्हण पुरुष सांगतात, आणि तळें सांचवितात बायका.

गांठीचा पुढचा टप्पा भिशी. दहाबारा जणींनीं दरमहा सारखी रक्कम काढावी, आणि चिठ्ठी टाकून एकीनें ती सर्व उचलावी. कागद नाहीं, व्याज नाहीं; केवळ विश्वास. भिशीचा एक मर्म असा कीं ती शेजारणीच्या लाजेनें बचत करविते. याच मर्मावर बचत गट उभे आहेत. १९९२ सालीं नाबार्डनें पांचशें गट बँकांशीं जोडण्याचा पहिला प्रयोग आंखला. त्याआधीं १९७५ सालीं महाराष्ट्रांत महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालें होतें. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, नियमित फेड आणि लिहिलेला हिशेब हीं गटाचीं पांच सूत्रें आहेत. त्यांतील पहिलीं चार आपल्या आज्यांना ठाऊक होतीं. पांचवें नवें आहे, आणि तेंच सर्वांत महत्त्वाचें आहे.

या बाबतींत स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांचें स्मरण केलें पाहिजे. ते १९४८ सालीं भारतांत आले व अहमदनगर जिल्ह्यांतील कोरडवाहू गांवांत त्यांनीं आयुष्य वेंचलें. धान्य व पैसा यांच्याही आधीं पाणी सांठविलें पाहिजे, आणि तें धरणांत नव्हे तर डोंगराच्या उतारावर, मातींत सांठविलें पाहिजे, हें त्यांनीं धरलेलें सूत्र. १९८९ सालीं सुरू झालेला भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आणि १९९३ सालीं स्थापन झालेली ‘वॉटर’ ही संस्था हीं त्याचीं फळें. त्यांत ग्रामस्थांनीं श्रमदानाचा वाटा उचलावयाचा, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावयाची, आणि बायकांनीं गट करावयाचे, असा नेम होता. फादर बाखर २०२१ सालीं निवर्तले. आपल्याच जिल्ह्याच्या बागलाण-कळवण भागांत मोसम व आरम नद्यांवर बंधारे बांधून, फडांत एकच पीक घेऊन, पाळीपाळीनें पाणी वांटून घेण्याची जुनी फड पद्धति होती; तीही याच विचाराची वडीलधारी बहीण होय.

गांठीच्या पैशाची परीक्षा ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं झाली. पांचशें व हजारांच्या नोटा रद्द झाल्या, आणि उतरंडीच्या तळचा पैसा नवऱ्यासमोर, मुलासमोर, बँकेच्या खिडकीसमोर उघडा करावा लागला. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा सहकारी बँकांना त्या नोटा घेण्यास मनाई झाली, आणि ज्या बँकेंत शेतकऱ्याचें खातें तीच बँक त्याच्या उपयोगीं पडेना. अनेक घरांत त्या वेळीं प्रथमच कळलें कीं आईनें किती सांठविलें होतें. तिच्या गुप्ततेचा अंत झाला, पण तिच्या काटकसरीची साक्षही पटली.

चाळींतील कांदा

आतां मधल्या काळ्या जमिनीकडे वळूं. लासलगांवची बाजार समिति १९४७ सालीं स्थापन झाली, आणि पुढें हा भाग कांद्याचें माहेरघर झाला. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलांत निघतो. तो बांबूच्या किंवा लोखंडी जाळीच्या चाळींत भरून शेतकरी पावसाळाभर वाट पाहतो. पाहणाऱ्याला वाटतें, कणगीचेंच हें नवें रूप. परंतु दोहोंत मोठा भेद आहे. कणगींतील नागली भाव पडला तरी घरांतलीं माणसें खात. चाळींतील कांदा रोज वजनानें घटतो, सडतो, मोड येतो. आणि तो विकलाच पाहिजे. नागली ही शिल्लक होती, कांदा ही आशा आहे. आशा करूं नये असें नाहीं, पण तिची गणना शिलकेंत करूं नये. द्राक्षबागेचें तर याहून कठीण. तिच्यांत पहिल्या पिकाआधींच मोठें भांडवल पुरावें लागतें, आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांतील गारपिटीसारखी एक रात्र सर्व हिशेब पुसून टाकते. जुन्या दुष्काळांत गरीब आधीं बुडे. या नव्या शेतींत ज्याचें कर्ज मोठें तो आधीं बुडतो. गेल्या कांहीं वर्षांत आपल्या जिल्ह्यांतही कर्जापायीं जीव देणाऱ्या शेतकऱ्यांच्या वार्ता आल्या आहेत, आणि त्या वाचून कोणत्याही धर्मग्रामानें स्वस्थ बसूं नये.

इतिहास काय शिकवितो

या सर्व हकीकतीचें सार काढूं गेल्यास संचयाच्या तीन कसोट्या हातीं लागतात. पहिली, तो हाताजवळ असावा, पण हातांत असूं नये. तोडे, भिशी व बचत गट या कसोटीस उतरले. घरांतली सुटी रोकड उतरली नाहीं. दुसरी, गरजेच्या दिवशीं त्याची किंमत टिकावी. पेव टिकलें, जनावर व चांदी टिकली नाहीं, कांदाही टिकत नाहीं. म्हणून सर्व धान्य एकाच कणगींत भरूं नये. तिसरी, त्याचा हिशेब सांठविणाराला स्वतः वाचतां यावा. खत वाचतां आलें असतें तर सुप्याला दंगा झाला नसता, आणि सोसायटीचें पुस्तक सभासदांनीं वाचलें असतें तर पुष्कळ सोसायट्या बुडाल्या नसत्या.

म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, फार मोठा उपदेश न करतां इतकेंच सुचवावेंसें वाटतें. घरचें थोडें तरी बियाणें राखा. वर्षभर पुरेल एवढें खाण्याचें धान्य, बाजाराचा मोह बाजूस ठेवून, स्वतःच्या शेतांत पिकवा. गटाचें वहीखातें दर महिन्याला मोठ्यानें वाचून घ्या, आणि तें वाचावयास घरच्या मुलीला उभें करा. लग्नाचा खर्च ठरवितांना जी बाई उतरंडीच्या तळाशीं पैसा ठेवीत आली तिला आधीं विचारा. आणि शेजाऱ्याची जमीन कर्जांत जात आहे असें कळलें तर त्याच्या घरीं प्रार्थनेसाठीं जातांना कागदपत्रें समजणारा एक माणूसही बरोबर न्या. मंदिराची भिंत उंच झाली याचा आनंद आपण करूंच. पण ज्या शेतांच्या मधोमध तें मंदिर उभें आहे, तीं शेतें कसणाऱ्यांच्याच नांवावर राहिलीं, हें पुढील पिढीला लिहितां आलें पाहिजे.